डाळ मिलच्या पॅनेलमधली अकरा पिनांची सॉकेटे

जुन्या कंट्रोल पॅनेलचे नूतनीकरण करताना वेळेचा आणि जोखमीचा सर्वांत मोठा वाटा जुन्या वायरी सोडवून पुन्हा जोडण्यात जातो. पीएलसी (यंत्रांचे नियंत्रण करणारा छोटा औद्योगिक संगणक) बसवणे, प्रोग्रॅम लिहिणे, नवा पॉवर सप्लाय लावणे ही कामे कार्यशाळेत निवांतपणे आधीच करून ठेवता येतात. परंतु यंत्राकडून आलेली वायर एकदा स्क्रूतून सुटली की ती पुन्हा योग्य जागी बसेपर्यंत कारखाना बंद राहतो. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या माझ्या छोट्या कार्यशाळेत मी बरीच वर्षे पॅनेलची कामे करत आहे. कळमना बाजाराच्या बाजूच्या एका डाळ मिलचे काम करताना आम्ही जुन्या रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) सॉकेटलाच जोडणीचे ठिकाण केले आणि मोजकी सॉकेटे वगळता यंत्राकडची एकही वायर न हलवता नियंत्रण नव्या पॅनेलकडे नेले. अशी कामे विदर्भातल्या अनेक डाळ मिल, राइस मिल आणि जिनिंगमध्ये पुढे करावी लागणार आहेत, म्हणून तो अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

डाळ मिलमधली यंत्रे एकमेकांना एलिव्हेटर आणि कन्व्हेयरने जोडलेली असतात. तूर चाळणीतून स्वच्छ होते, एमरीच्या रोलरवर तिची साल खरवडली जाते, तिला तेल-पाणी लावून वाळवले जाते, मग ती फोडली जाते आणि शेवटी पॉलिश होते. ही साखळी सुरू करताना शेवटचे यंत्र आधी आणि पहिले यंत्र शेवटी सुरू करावे लागते. चालू असताना मधले एखादे यंत्र थांबले, तर त्याच्या मागची सगळी यंत्रे लगेच थांबली पाहिजेत; तसे झाले नाही तर एलिव्हेटरच्या खालच्या पेटीत माल साचतो, पट्टा घसरतो आणि बादल्या मोकळ्या करण्यात कामगारांचा दिवस जातो. या मिलमध्ये हा सारा क्रम सुमारे ४० रिले सांभाळत होते. ते गोल बेसचे, अकरा पिनांचे, तीन चेंजओव्हर कॉन्टॅक्ट (म्हणजे तीन पोल) असलेले आणि ११० व्होल्ट एसी कॉइलचे होते. कॉइलला वीज मिळाली की रिले उचलतो आणि प्रत्येक पोलचा कॉमन एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जातो; वीज गेली की रिले सुटतो. रिले आजही बाजारात मिळतात, त्यामुळे त्रास सुट्या भागांचा नव्हता. ड्रॉइंग केव्हाच हरवले होते, कॉन्टॅक्ट काळे पडले होते, आणि क्रमात कुठे खंड पडला हे शोधायला प्रत्येक वेळी टेस्ट लॅम्प घेऊन एकेका सॉकेटवर फिरावे लागत होते.

या गोल सॉकेटांची रचना ज्यांनी हाताळली आहे त्यांना ठाऊक असेल. स्क्रू दोन पातळ्यांवर असतात. वरच्या पातळीवरच्या वायरी खालच्या स्क्रूंवर आडव्या येतात आणि खालचा स्क्रू आवळायचा तर वरच्या वायरी वाकवाव्या लागतात. कॉइलची टोके आणि कॉन्टॅक्टची टोके एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे कोणती वायर हुकूम घेऊन येते आणि कोणती हुकूम घेऊन जाते हे नुसते पाहून कळत नाही. अनेक स्क्रूंमध्ये दोन-दोन, काही ठिकाणी तीन वायरी होत्या. बरीच फेरूल (वायरीच्या टोकावरच्या क्रमांकाच्या नळ्या) पुसट झाली होती, काहींचे प्लॅस्टिक हात लावताच तुटत होते. वर्षानुवर्षे उष्णता खाल्लेल्या वायरींचे इन्सुलेशन वाकवले की तडकते, हे पहिल्याच पाहणीत दिसले. मिलचे जुने इलेक्ट्रिशियन काका तेव्हा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, हे वायर सोडू नका. एकदा सुटलं का कोणतं कुठचं, हे मलाही सांगता येणार नाही." त्यांनी ते पॅनेल वीस वर्षांहून अधिक काळ चालते ठेवले होते, आणि त्यांच्या या वाक्याने कामाची दिशा ठरली.

रिले काढून त्याच सॉकेटमध्ये एक नर प्लग बसवायचा, प्लगच्या अकरा पिनांना अकरा वायरी जोडायच्या आणि त्या वायरी शेजारी लावलेल्या नव्या पेटीत न्यायच्या, अशी ती योजना होती. जुने सॉकेट मग नुसते जोडणीचे टर्मिनल होते. यंत्राकडून आलेल्या वायरी आपापल्या स्क्रूखाली तशाच राहतात. मला यातला सर्वांत मोठा लाभ असा वाटला की काही अडले तर प्लग काढून जुना रिले पुन्हा खोचता येतो आणि मिल पूर्वीसारखी चालू करता येते. मालकांना हे पटवून द्यायला वेळ लागला नाही, कारण नवे पॅनेल पूर्ण बसवायचे तर मिल सलग कित्येक दिवस बंद ठेवावी लागणार होती.

अकरा पिनांचे नर प्लग विकत मिळतात, पण आम्ही काही प्लग जळालेल्या रिलेंपासूनच तयार केले. अशा रिलेचे पारदर्शक आवरण काढून आतली कॉइल आणि पट्ट्या कापून टाकल्या की पिनांसह बेस उरतो. पिनांच्या आतल्या टोकांना ०.७५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड वायर सोल्डर करून प्रत्येक जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. आवरणाच्या वरच्या बाजूला भोक पाडून त्यात रबरी ग्रोमेट बसवले आणि वायरींचा जुडगा आतून केबल टायने असा बांधला की बाहेरून ओढ बसली तरी ती सोल्डरपर्यंत पोहोचणार नाही. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरच्या पुढचा फ्यूज ४ अँपिअरचा होता, त्यामुळे ही वायर पुरेशी होती. फ्यूज मोठा असता तर वायरही जाड घ्यावी लागली असती. वायर फ्यूजच्या आधी जळणार नाही, हे पाहूनच तिची जाडी ठरवायची असते.

प्लग बनवताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मधल्या दांड्यावरच्या खाचेपासून पिनांचे क्रमांक सुरू होतात. रिले उलटा धरून पिनांकडे पाहिले तर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतात आणि सॉकेटकडे समोरून पाहिले तर उलट दिशेने. सोल्डर करणारा माणूस प्लगच्या आतल्या बाजूने पाहत असतो, म्हणजे त्याला सॉकेटसारखाच क्रम दिसतो, पण हातातला कागद बहुधा पिनांच्या बाजूने काढलेला असतो. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंच्या आकृत्या मोठ्या काढून टेबलावर चिकटवल्या. प्रत्येक प्लग तयार झाल्यावर तो मिलमध्ये नेण्याआधी रिकाम्या सॉकेटमध्ये खोचून अकराही वायरी मल्टिमीटरने एकेक करून तपासल्या आणि शेजारशेजारच्या पिनांमधले इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) पाहिले.

दुसरा गोंधळ क्रमांकांच्या पद्धतीतून होतो. जुन्या बेसवर कॉइल २ आणि १० या पिनांवर असते. कॉन्टॅक्टचे कॉमन १, ६ आणि ११, नॉर्मली ओपन (रिले सुटलेला असताना उघडे) ३, ७ आणि ९, तर नॉर्मली क्लोज (तेव्हा जोडलेले) ४, ५ आणि ८. नव्या सॉकेटवर कॉइल ए१ आणि ए२ असते आणि कॉन्टॅक्टना दोन अंकी क्रमांक असतात, ज्यात पहिला अंक पोल सांगतो आणि दुसरा अंक काम: १ कॉमन, २ नॉर्मली क्लोज, ४ नॉर्मली ओपन. त्यामुळे जुने १-४-३ हे नव्या ११-१२-१४ वर जाते, ६-५-७ हे २१-२२-२४ वर आणि ११-८-९ हे ३१-३२-३४ वर. आता ११ हा आकडा दोन्हीकडे आहे, पण जुन्यावर तो तिसऱ्या पोलचा कॉमन आणि नव्यावर पहिल्या पोलचा. रात्री उशिरा दमलेला वायरमन यात फसणार नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. आम्ही प्लगकडून येणाऱ्या प्रत्येक फेरूलवर आधी जुन्या रिलेचा क्रमांक, मग 'जु' हे अक्षर आणि मग पिनचा क्रमांक छापला. १७ जु ११ असे लिहिले की ती वायर सतराव्या जुन्या सॉकेटच्या अकराव्या पिनची आहे याबद्दल शंका राहत नाही.

नव्या पेटीत प्रत्येक जुन्या रिलेसाठी दोन रिले लागले. एकाची कॉइल ११० व्होल्ट एसीची. ती जुन्या २ आणि १० या पिनांवर आलेला हुकूम ओळखते आणि तिचा कॉन्टॅक्ट पीएलसीच्या इनपुटला २४ व्होल्ट डीसी देतो. दुसऱ्याची कॉइल २४ व्होल्ट डीसीची. तिला पीएलसीचे आउटपुट उचलते आणि तिचे कॉन्टॅक्ट जुन्या कॉन्टॅक्टच्या जागी काम करतात. इनपुटकडच्या रिलेचे कॉन्टॅक्ट मी मुद्दाम सोन्याचा मुलामा असलेले घेतले. पीएलसीचे इनपुट जेमतेम ५ ते ७ मिलिअँपिअर घेते आणि एवढ्या कमी प्रवाहाला साध्या चांदीच्या मोठ्या कॉन्टॅक्टवरची काजळी जाळता येत नाही. रिले उचललेला दिसतो आणि इनपुट मात्र येत नाही. आउटपुटकडे चौदा पिनांचे, चार पोलचे रिले घेतले, ज्यांचे कॉन्टॅक्ट ५ अँपिअरचे असतात. जुने कॉन्टॅक्ट १० अँपिअरचे होते, त्यामुळे कोणत्या कॉन्टॅक्टवरून नेमका किती भार जातो हे क्लॅम्प मीटरने मोजूनच हा बदल केला. बहुतेकांवर कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइल होत्या, तिथे अडचण नव्हती. तेल लावण्याच्या छोट्या पंपाची मोटर मात्र सरळ रिलेच्या कॉन्टॅक्टवर चालत होती. तिच्यासाठी वेगळा कॉन्टॅक्टर दिला.

सॉकेट निवडताना कॉइलची टोके एका बाजूला आणि कॉन्टॅक्टची सगळी टोके दुसऱ्या बाजूला असलेलीच घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. किमतीत थोडा फरक पडतो, पण वायरिंगचा सगळा स्वभाव बदलतो. आमच्या पेटीत डिन रेलच्या (सॉकेटे ज्यावर बसतात त्या पत्र्याच्या पट्टीच्या) एका बाजूच्या चॅनेलमधून फक्त २४ व्होल्टच्या वायरी गेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या चॅनेलमधून फक्त ११० व्होल्टच्या. यंत्रांच्या विद्युत जोडणीच्या आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे डीसी कंट्रोलला निळा आणि एसी कंट्रोलला लाल रंग वापरला, त्यामुळे दार उघडताच कोणत्या बाजूला हात जपून लावायचा ते दिसते. २४ व्होल्ट कॉइलच्या ओळीतल्या सर्व रिलेंच्या ए२ ला शून्य व्होल्ट लागतो. तो पूर्वी एका स्क्रूतून दुसऱ्या स्क्रूत असा वायरीच्या तुकड्यांनी पुढे नेत असत आणि मधला एक स्क्रू सैल झाला की त्यापुढचे सगळे रिले मेले असे व्हायचे. आम्ही सॉकेटसोबत मिळणाऱ्या जंपर पट्ट्या वापरल्या आणि प्रत्येक ओळीला शून्य व्होल्ट दोन्ही टोकांकडून दिला. एका स्क्रूत दोन वायरी टाळता येत नव्हत्या, तिथे जुळे पिन लग वापरले. उघडी मल्टिस्ट्रँड वायर पिळून स्क्रूखाली दाबण्याची आपल्याकडची सवय सुटली, तर निम्मे बिघाड तिथेच थांबतील असे मला मनापासून वाटते.

पहिल्या टप्प्यात पीएलसीचा प्रोग्रॅम अगदी साधा ठेवला: ज्या क्रमांकाचे इनपुट येईल त्याच क्रमांकाचे आउटपुट द्यायचे. म्हणजे जुन्या रिलेची कॉइल आणि त्याचे कॉन्टॅक्ट यांच्यामध्ये पीएलसी नुसता दुवा होता. क्रमाचे सगळे तर्क अजून जुन्या वायरिंगमध्येच होते. यामुळे जोडणीतली चूक आणि प्रोग्रॅममधली चूक एकमेकांत मिसळत नाहीत. या दुव्यामुळे थोडा विलंब वाढतो, कारण आता दोन रिले, इनपुटचा फिल्टर आणि प्रोग्रॅमचा स्कॅन (त्याची एक फेरी) हे सगळे मिळून काही डझन मिलिसेकंद लागतात. एलिव्हेटरच्या कामाला एवढ्याने काही होत नाही, पण स्टार्टचे बटण अगदी टिचकी मारल्यासारखे दाबले तर सेल्फ होल्डिंग (बटण सोडल्यावरही चालू ठेवणारी जोडणी) लागायच्या आत बोट उचलले जाऊ शकते, हे ऑपरेटरांना सांगून ठेवले. पॅनेलच्या एकेका ओळीचे प्लग बदलत, प्रत्येक वेळी मिल रिकामी चालवून पाहत आम्ही पुढे गेलो. सप्लाय बंद केल्याशिवाय प्लग काढायचा नाही, हा नियम कुणालाही मोडू दिला नाही.

काही जुन्या सॉकेटांची पकड सैल निघाली. एक सुटी पिन प्रत्येक भोकात घालून ओढून पाहिले की स्प्रिंग किती घट्ट आहे ते हाताला कळते. अशी सॉकेटे बदलणे भाग होते आणि तेवढ्या ठिकाणी वायरी सोडाव्या लागल्या. सोडण्याआधी प्रत्येक वायरवर नवे फेरूल चढवून फोटो घेतला.

एक रिले मात्र बंदच होईना. वरच्या मजल्यावरच्या एलिव्हेटरचा स्पीड स्विच (तो फिरत आहे की नाही हे सांगणारा) उघडला तरी पेटीतला ११० व्होल्टचा इनपुट रिले गुणगुणत उचललेलाच राहायचा आणि पीएलसीला एलिव्हेटर चालू असल्याचे दिसायचे. जुना रिले त्याच वायरीवर नीट सुटत होता. स्विचची केबल लांबवर मोटरच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून येत होती, आणि स्विच उघडा असतानाही तिच्यावर व्होल्टेज चढत होते. जुन्या मोठ्या कॉइलला उचलून धरायला जास्त प्रवाह लागत असे, म्हणून असे चढलेले व्होल्टेज तिच्यासमोर कोसळत होते. नव्या लहान कॉइलला १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो आणि सोडण्यासाठी त्याहून पुष्कळ खाली यावे लागते. आम्ही त्या कॉइलला समांतर १० किलो-ओहमचा रोधक लावला. ११० व्होल्टवर तो ११ मिलिअँपिअर घेतो आणि सुमारे १.२ वॅट उष्णता देतो, म्हणून ५ वॅटचा वायरवाउंड घेऊन तो रिलेपासून दूर, हवा लागेल असा बसवला. रिले लगेच सुटू लागला. जुना गोल रिले काढून लहान रिले बसवणाऱ्याने लांब केबलवरची प्रत्येक इनपुट या दृष्टीने तपासावी, कारण जे यंत्र थांबले आहे ते चालू दिसणे हा इंटरलॉकमधला (एक थांबले की दुसरे थांबवणाऱ्या जोडणीतला) सर्वांत वाईट दोष आहे.

हे काम मे महिन्यात झाले. नागपूरचा मे म्हणजे बाहेर ४५ अंश, आणि ड्रायरच्या बाजूला असलेल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून पुष्कळ अधिक. डीसी रिले साधारणपणे ठरलेल्या व्होल्टेजच्या ८० टक्क्यांवर उचलतो असे माहितीपत्रकात लिहिलेले असते, पण ते खोलीच्या तापमानाला. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्का वाढतो; कॉइल २० वरून ६० अंशांवर गेली की रोध १६ टक्क्यांनी वाढतो आणि १९.२ व्होल्टवर उचलणाऱ्या रिलेला २२.३ व्होल्ट लागतात. २४ व्होल्टच्या सप्लायमध्ये मग जेमतेम पावणेदोन व्होल्टची सवड उरते, आणि लांब, बारीक वायरीत एक व्होल्ट गेला तर दुपारी रिले उचलणार नाही व सकाळी नीट चालेल, असा न सापडणारा बिघाड तयार होतो. म्हणून शून्य व्होल्टच्या मुख्य वायरी २.५ चौरस मिलिमीटरच्या घेतल्या, रिलेंच्या ओळींमध्ये जागा मोकळी सोडली, पॉवर सप्लाय सर्वांत वर बसवला, म्हणजे त्याची उष्णता रिलेंवर येणार नाही, आणि भर दुपारी सर्व रिले उचललेले असताना ओळीतल्या शेवटच्या कॉइलवर व्होल्टेज मोजले. ज्या कॉइल सतत उचललेल्या राहतात त्या आणखी तापतात. त्यांनाही बंद करून लगेच पुन्हा उचलायला लावून पाहिले.

कॉइल बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका शोषण्यासाठी डीसी कॉइलवर डायोडचे मॉड्यूल आणि एसी कॉइलवर आरसीचे (रोधक आणि कपॅसिटरचे) मॉड्यूल सॉकेटमध्येच खोचता येते. ते सर्व ठिकाणी दिले. डायोडमुळे रिले सुटायला थोडा उशीर होतो, पण पीएलसीच्या आउटपुटवर उलटा झटका येत नाही. मिलमध्ये जमीन सतत थरथरते, त्यामुळे रिले धरून ठेवणारी क्लिप लावायचा कंटाळा करू नये. काही रिलेंवर हाताने दाबून अडकवून ठेवायची टेस्ट कळ असते. ती अडकली राहिली तर यंत्र पीएलसीच्या हुकुमाशिवाय चालेल, म्हणून आम्ही अडकणारी कळ नसलेलेच रिले घेतले. दाराला नवे गॅस्केट बसवले, कारण डाळीची बारीक भुकटी जिथे वारा जातो तिथे जाते.

इमर्जन्सी स्टॉप आणि मोटरांचे ओव्हरलोड रिले (जास्त प्रवाह गेला की मोटर तोडणारे) यांना या बदलात हात लावला नाही. त्यांचे कॉन्टॅक्ट पूर्वीप्रमाणे कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मालिकेत सरळ आहेत आणि पीएलसी अडकला तरी ते मोटर तोडतात. हे वायरिंग सोपे करण्याच्या नावाखाली प्रोग्रॅममध्ये नेण्याची सूचना मालकांकडून एकदा आली होती. मी ती मान्य केली नाही.

जोडणी पक्की ठरल्यानंतर क्रमाचे तर्क एकेक करून प्रोग्रॅममध्ये आणले आणि मिलच्या दाराजवळ एक छोटा डिस्प्ले लावला, ज्यावर साखळीतले कोणते यंत्र कशामुळे थांबले ते मराठीत दिसते. पेटीच्या दाराच्या आत प्रत्येक जुन्या पिनसमोर नवे टोक दाखवणारा तक्ता लॅमिनेट करून लावला आहे, आणि सुस्थितीतले जुने रिले काकांनी क्रमांक घालून एका डब्यात ठेवले आहेत. जुनी सॉकेटे काढून सगळे वायरिंग सरळ नव्या टर्मिनलवर घ्यावे का, असे मालकांनी विचारले होते. तुरीचा एक पूर्ण हंगाम चालू द्यावा, आणि मग एका वेळी एकच ओळ, त्या ओळीच्या केबल नव्या घालतानाच बदलावी, असे मी त्यांना सांगितले आहे.